मागच्या सीटवरची छत्री

४ फेब्रुवारी
बंदराच्या अलीकडची खानावळ, वरची खोली

भाऊजींना साष्टांग नमस्कार.

एरवी हा नमस्कार कागदावरच घालायचा असतो. मी आज रस्त्यावर घातला. सकाळी तुमच्या फाटकातून रुबाबात निघालो. ताई हात हलवत होती. तुम्ही खिडकीतल्या खुर्चीत बसून हात न हलवता बघत होतात, म्हणून मी तुमच्याकडे बघत राहिलो, आणि कोपऱ्यावरचं वळण रोज जिथे असतं तिथेच आलं. दोन सीटांची सायकल वळायला जास्त रस्ता मागते हे मला कोणी सांगायला नको. दोन भंगार सायकली कापून, जोडून, वेल्डिंग करून ही मालगाडी मीच बनवली आहे. पण मागे तुम्ही असलात की "वळतोय" म्हटल्याबरोबर तुम्ही कलायचात. छत्री कलत नाही.

छत्री म्हणजे तुमची शाळेतली काळी छत्री. निघताना ताईने ती आणून मागच्या सीटवर सुतळीने बांधली. म्हणाली, "हे येत नाहीत, तर निदान हिला ने." त्यावर तुम्ही खिडकीतून म्हणालात, "छत्री परत आण." ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही माझ्याशी बोललेलं हे सर्वांत लांब वाक्य.

म्हणूनच पत्र लिहितोय. फोन केला की तुम्ही "हं" म्हणता आणि ताईकडे देता. पण तुम्ही पडलात मास्तर. कागदावर चुका दिसल्या की तुमच्याच्याने गप्प बसवत नाही, हे मला लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेपासून माहीत आहे. किनाऱ्याने रोज जाणाऱ्या-येणाऱ्या बसचा कंडक्टर पाकिटं पोचवतो. उत्तर त्याच्याकडे द्या. मी कुठे कुठे थांबणार हे तुम्हाला ठाऊक आहे. मुक्काम तुम्हीच नकाशावर पेन्सिलीने आखलेत, गुडघा बिघडायच्या आधी, दोघांसाठी.

आता कामाचं. शेवटी खाडी लागते, आणि खाडीपासून दीपगृहापर्यंतचा टप्पा बहुतेक सपाट आहे. डॉक्टर म्हणाले, पाय वाकवा, चाला, जमलं तर सायकल मारा, नाहीतर गुडघा आहे तसा आखडून बसेल. तुम्ही खुर्ची सोडत नाही. मी खाडीपाशी पोचून थांबतो. तुम्ही बसने या. मागची सीट तुमची आहे. आला नाहीत तर मीही पुढे जाणार नाही, आणि जन्मभर लोकांना सांगेन की डब्यामुळे इंजिन अडलं.

माझी बायको निघताना म्हणाली, "जा बाबा, पण येताना सायकल आणली नाही तरी चालेल." घरचा पाठिंबा असा आहे.

तुमचा,
इंजिन


६ फेब्रुवारी

चिरंजीव कारखानदार यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. कंडक्टर फाटकाशी हाका मारत होता आणि ड्रायव्हर हॉर्न देत होता. गल्लीला वाटलं घरात कोणी आजारी आहे. आहेच.

तुझ्या चुकांना लाल शाईने खुणा करून ठेवल्या आहेत. आल्यावर दाखवीन. एक आत्ताच सांगतो. ती खानावळ बंदराच्या अलीकडे नाही, पलीकडे आहे. म्हणजे तू अख्खं बंदर ओलांडून गेलास आणि तुला समजलं नाही. इतकी मोठी जहाजं काय समजून सोडून दिलीस?

माझी काळजी करू नये. मी रोज अंगणात फेऱ्या मारतो. गुडघा वाकतो. खाडीचं बघू.

छत्रीचं बटण ढिलं आहे. जपून.

भाऊजी

ता. क. पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलंय, म्हणून लिहिते. फेऱ्या मारतात त्या बोटाने, नकाशावर, तू कुठवर पोचला असशील ते दाखवत. अंगणात मी जाते, कपडे वाळत घालायला. व्यायाम केला का विचारलं की "झाला" म्हणतात. कधी झाला ते मला दिसत नाही, आणि मी घर सोडून कुठे गेलेली नाही. तू त्यांना चिडव. चिडले की पाय आपटतात, तेवढाच हलतो. - ताई


९ फेब्रुवारी
मिठागराजवळचा लॉज

भाऊजी,

जहाजं दिसली होती. मला वाटलं गोदामं आहेत. धुकं होतं. नव्हतं, पण असं समजा.

इथला लॉजवाला म्हणाला सायकल खाली ठेवा. मी म्हटलं, ही माझ्याबरोबर झोपते. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी लगेच ती खांद्यावर घेतली. जिन्याच्या वळणावर मालगाडी अडकली. पुढचं चाक वर, मागचं खाली, मधे मी. वरून एक औषधकंपनीचा माणूस बॅग घेऊन निघालेला, खालून पाणी घेऊन येणारी बाई.

"सरका की बाजूला."

"कुठल्या बाजूला, ते तुम्हीच सांगा."

"अहो, पण हिला दोन सीटा कशाला?"

"दोन माणसं असतात हिच्यावर."

"मग दुसऱ्याला बोलवा ना धरायला. कुठे गेलाय?"

भाऊजी, हाच प्रश्न मला गाव तिथे ऐकायला मिळतोय. चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, "मागचे पडले का कुठे?" ट्रॅफिकच्या पोलिसाने शिट्टी मारून थांबवलं आणि गंभीरपणे सांगितलं, "तुमचा माणूस मागे राहिलाय." एक म्हातारी माझ्यासमोरच सुनेला म्हणाली, "भांडून उतरला असेल, याचं तोंडच तसं आहे." मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देतो. पोलिसाला म्हटलं, ते छत्रीच्या रूपात आहेत. त्याने मला बराच वेळ जाऊ दिलं नाही.

टपरीवर मात्र चांगली बैठक जमली. फूटपाथवर बसून पंखे दुरुस्त करायला सुरुवात कशी केली, मग गाळा, मग कारखान्याची पाटी, सगळं सांगितलं. शेवटी माझं नेहमीचं वाक्य टाकलं की या माणसाला आयुष्यात मागून कोणी ढकललेलं नाही. लोकांनी माना डोलावल्या. चहाचे पैसे मीच दिल्यामुळे असेल.

आता खरी बातमी, आणि ती वाचताना तुम्ही बसलेले असाल हे मला माहीत आहे. आपल्या मालगाडीचा तो आवाज आठवतो? पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला "टक." इतकी वर्षं दर रविवारच्या आपल्या फेरीत मी ओरडून सांगत आलो की हा आवाज मागच्या पायडलचा आहे, आणि पायडलवर पाय नुसता ठेवला, जोर लावला नाही की तो येतो. ढिलं बेअरिंग असंच असतं. दाबाखाली गप्प बसतं, मोकळं सोडलं की बडबडतं. जन्म पंखे ऐकण्यात गेला माझा. तुम्ही दर वेळी म्हणायचात, "असेल."

भाऊजी, घर सोडल्यापासून आवाज बंद आहे. एकदाही नाही. तुम्ही उतरलात आणि आवाजही उतरला. आणखी पुरावा काय हवा? इतकी वर्षं मी तुम्हाला वाहून नेत होतो. माझ्या पोटऱ्यांचे गोळे आता जे दुखतायत ते त्या सगळ्या रविवारांचे साठलेले असणार.

हे खोटं ठरवायचं असेल तर एकच उपाय आहे. खाडीपाशी या आणि जोर लावून दाखवा.

इंजिन


११ फेब्रुवारी

चि. कारखानदार,

आवाज माझाच असेल. विषय संपला. तो पुन्हा उघडू नये. सायकलही उघडू नये. तू काही उघडलंस की जोडताना स्क्रू उरतात.

खाडीला येणं जमेलसं दिसत नाही. पाय अजून हवा तसा नाही. शेवटचा टप्पा तू एकट्याने कर आणि दीपगृहाच्या रखवालदाराला माझाही नमस्कार सांग.

सायकल खांद्यावर घेऊन जिने चढू नये. वय बघ.

भाऊजी

ता. क. तुझं पत्र वाचून हे इतके हसले की चष्मा काढून ठेवावा लागला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले. काय झालं विचारलं, तर सांगेनात. आणि मग एकदम पायावर चादर ओढून घेतली. डॉक्टर येऊन गेले. महिनाअखेर पुन्हा बघणार आहेत. म्हणाले, तोवर वाकला तर वाकला, नंतर मला दोष देऊ नका. मला बाजूला घेऊन विचारलं, "यांना चावी देणारं कोणी नाही का?" मी म्हटलं, चावीवाला सायकलवरून गेलाय. - ताई


१४ फेब्रुवारी

भाऊजी,

मी ठीक आहे. वारा फार आहे. रस्ता बरा.

आवाज पुन्हा सुरू झालाय.

छत्रीची एक काडी गेली.


१५ फेब्रुवारी

चि. भावास,

हे काय पत्र म्हणायचं? तार करायला गेला होतास आणि पैसे उरले म्हणून पाकीट घेतलंस का? यांनी कागद उलटा करून पाहिला. पाकिटात बोट घालून पाहिलं. "आवाज पुन्हा सुरू झालाय" एवढं वाचलं आणि चेहरा उतरला. म्हणाले, "समजलं त्याला."

"काय समजलं?"

"काही नाही. वारा."

मग उठले. मी सांगितलेलं नव्हतं. काठी खुर्चीलाच टेकून राहिली आणि हे कपाटापर्यंत गेले, मोठा नकाशा काढला, तुझा तो रस्ता आणि वाऱ्याची दिशा बघत उभे राहिले. येताना भिंत धरली. मी स्वयंपाकघराच्या दारात पातेलं हातात घेऊन उभी. पातेलं ठेवलं असतं तर आवाज झाला असता.

तेव्हा काय झालं ते नीट लिही. पडलास का? तुझ्या बायकोला मी काही बोललेली नाही. ती रोज विचारते, "सायकल मोडली का?" आणि विचारताना तिचा सूर फार आशेचा असतो.

ताई


१७ फेब्रुवारी
बोटी दुरुस्त करणाऱ्याच्या शेडमधून

भाऊजी,

हे तुम्हाला लिहितोय. ताईने वाचलं तरी चालेल, ती वाचतेच.

झालं असं. त्या दिवशी समोरून वारा होता. मी हँडलवर डोकं खाली घालून ओढत होतो आणि तुम्हाला शिव्या, म्हणजे आदरार्थी शिव्या, देत होतो. मग रस्ता वळला आणि तोच वारा पाठीवर आला. तुम्ही लिहिलं होतं छत्रीचं बटण ढिलं आहे. मी ते वाचलं होतं. वाचून काय करायचं असतं हे मला कोणी शिकवलेलं नाही.

छत्री फटकन उघडली. सुतळीने घट्ट बांधलेली, त्यामुळे उडाली नाही. शीड उभारावं तशी फुगली आणि मालगाडी अशी सुटली की बस. किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत बसलेले लोक उठून उभे राहिले. एक जण ओरडला, "मामा, पायडल कशाला मारताय, उगाच दमाल." मी मारत नव्हतोच, पाय आपले सवयीने फिरत होते. फार सुख वाटत होतं. अगदी ओळखीचं सुख. कुठलं बरं हे, असा विचार करतोय, तेवढ्यात ऐकू आलं.

टक.

मी मागे पाहिलं. मागे तुम्ही नाही. मागची पायडलं रिकामी फिरतायत, ती तर घर सोडल्यापासून रिकामीच फिरतायत. तेव्हा कुठे गेला होता हा आवाज?

टक. टक.

माझ्या उजव्या पायाखालून.

पाय दाबला. गप्प. सैल सोडला. टक. पुन्हा दाबला, गप्प. असं मी किती वेळ करत बसलो देव जाणे. गिऱ्हाईकाने पंखा आणला की मी डोळे मिटून ऐकतो आणि सांगतो, वरचं बेअरिंग गेलंय. माणसं थक्क होतात. आणि स्वतःच्या चपलेखालचा आवाज मला इतकी वर्षं पाठीमागून येत होता.

पुढचा हिशोब तुम्ही केव्हाच केला असेल, पण मी बोटीवाल्याच्या शेडमधे बसून सावकाश केला. आवाज माझ्या पायडलचा. पाय नुसता ठेवला की येतो. आणि तुम्ही मागे असताना तो दर रविवारी, जाताना, येताना, चढावर सुद्धा यायचा. चढावर सुद्धा, भाऊजी. चढावर माणूस पाय नुसता ठेवतो, आणि सायकल वर जाते, आणि त्याला वाटतं आपण काय जबरदस्त आहोत. वर पोचल्यावर मी तुम्हाला म्हणायचो, "दमलात? तुम्हाला काय दमायला झालं?"

मागून कुणी ढकललेलं नाही, हे वाक्य मी टपरीवर म्हणालो होतो. त्या टपरीवरून परतीच्या वाटेवर मला जावंच लागणार आहे. दुसरा रस्ता नाही, तुम्ही नकाशा बघून सांगा असल्यास.

इतकं सगळं सुचेपर्यंत पुढचं वळण आलं. छत्री कलत नाही हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं आहे. वाळूत पडलो, लागलं नाही. काडी तेव्हाच गेली. जाळीवाल्यांनी मला उचललं, सायकल उचलली, छत्री मिटली, आणि मग त्यातल्या म्हाताऱ्याने विचारलं, "मागचे कुठे पडले?"

मी म्हटलं, ते पडलेले नाहीत. आत्तापर्यंत मीच पडत होतो.

त्याला काही समजलं नाही. त्याने मला पाणी दिलं.

तीन दिवस पत्र लिहायला बसत होतो. लिहायचो आणि वाचून दाखवायला कोणी नसायचं. मालगाडीला वाचून दाखवलं. ती भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही सीटा माझ्याकडे. ती पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. मी ऐकत होतो दुसरीकडे.

तुम्हाला माहीत होतं का?


२० फेब्रुवारी

प्रिय कारखानदार,

पत्र दोनदा वाचलं. खुणा केल्या नाहीत.

माहीत होतं. पहिल्या रविवारीच. मागच्या माणसाला साखळीचा ताण पायाला कळतो. सांगणार होतो. पण तू पुढून रस्ता सांगत होतास. "खड्डा, डावीकडे. समोर एक लठ्ठ गृहस्थ कुत्र्याला फिरवतायत, नाही, कुत्रा त्यांना फिरवतोय." मला वाटलं, हा इतकं बोलतो आहे तर पाय कसे मारणार. माणसाने एका वेळी एकच काम करावं.

तू एक गोष्ट कधी ध्यानात घेतली नाहीस. मागच्या सीटवरून रस्ता दिसत नाही. तुझी पाठ दिसते. जन्मभर भूगोल शिकवला, आणि रविवारी तुझ्या शर्टाचा नकाशा पाहिला. घामाचा समुद्र कुठून कुठवर पसरला, बनियनची सरहद्द कुठे संपली, सगळं पाठ आहे. बाहेरचं जग मला तू सांगायचास तेवढंच. मी पाय देत होतो, तू डोळे. मला तो सौदा महाग वाटला नाही. उलट थोडं जास्तच मिळतंय असं वाटायचं, कारण तू निम्मं पदरचं घालून सांगायचास.

घाटात मालगाडीला मागूनही एक इंजिन लावतात, हे मुलांना शिकवताना मला तू आठवायचास. पुढच्या इंजिनाला शिट्टी असते. मागचं नुसतं ढकलतं.

आता राहिलं खाडीचं. हा गुडघा आता पूर्वीसारखा जोर लावणार नाही. मी मागे बसलो असतो तर सायकल पहिल्या चढाला उभी राहिली असती आणि तुला सगळं समजलं असतं. या वयात तुझी शिट्टी काढून घ्यावी असं वाटेना. म्हणून खुर्चीत बसलो होतो.

तू स्वतःच शोधून काढशील असं कधी वाटलं नव्हतं. तुझ्याबद्दलचा माझा अंदाज चुकला. छत्रीला श्रेय देतो.

भाऊजी

ता. क. हे कारण खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं मी लिहिते. हे घाबरलेत. ऑपरेशननंतर पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा पाय लचकला आणि मी धरलं. पडले असते तर एवढं लागलं नसतं. बायकोने धरलं हे फार लागलं. तेव्हापासून म्हणतात, उद्या. तुला काय लिहायचं ते लिही. मला सुचत नाही. - ताई


२१ फेब्रुवारी
खाडीपाशी, होडीवाल्याची खोली

भाऊजी,

शिट्टी गेली. आता तुम्ही खुर्चीत बसून वाचवायचं असं माझं काही उरलेलं नाही. ते कारण कपाटात ठेवून द्या.

दुसऱ्या कारणाबद्दल ताईने मला काही लिहिलेलं नाही असं समजा. मी आपला सायकलीबद्दल बोलतो. आपल्या मालगाडीची पुढची-मागची पायडलं एका साखळीने बांधलेली आहेत. मी पाय फिरवले की तुमचेही फिरणार, तुमची इच्छा असो की नसो. म्हणजे व्यायाम मी करणार, गुडघा फक्त तुमचा. तुम्ही जोर लावायचा नाही. नुसतं बसायचं, ओझं म्हणून. इतकी वर्षं मी तुम्हाला डबा म्हणत आलो, पण डबा होऊन बसण्याचं सुख तुम्हाला कधी मिळालंच नाही. ते सगळं मी घेतलं. फार छान असतं, अनुभवाने सांगतो.

मी ओढू शकेन का, ही शंका तुम्हाला येणार. मलाही आहे. पण घरापासून खाडीपर्यंत, एक वाऱ्याचा तुकडा सोडला, तर आवाज आलेला नाही. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः कुठेतरी पोचलोय. हे कोणाला तरी दाखवायला हवं, आणि ज्याला त्यातलं खरं कळेल असा माणूस मला एकच माहीत आहे.

पडलात तर मीही पडेन. सायकल एकच आहे. आणि तुम्हाला धरणारा मी, म्हणजे तुमच्या आधी मीच खाली असेन. या सफरीत त्या कामात माझा हात बसलाय.

रोज बस बघतो. आता पाकीट नको.

पुढचा


२७ फेब्रुवारी
दीपगृहाच्या रखवालदाराची पडवी

ताई,

दोघंही पोचलो.

मी रोज बसच्या वेळेला रस्त्यावर जाऊन उभा राहायचो. कंडक्टर दारातून मान हलवायचा आणि बस निघून जायची. होडीवाला म्हणायला लागला, "तुमचे पाहुणे शेजारच्या देशातून येतायत का?" काल मी गेलोच नाही. खोलीत बसून रागाने साखळीला तेल देत होतो. हॉर्न ऐकू आला. थांबला नाही, वाजतच राहिला. धावत गेलो. कंडक्टर एका हातात काठी घेऊन उभा. म्हणाला, "तुमचं पाकीट आणलंय. या वेळी जरा मोठं आहे."

त्याच्यामागून भाऊजी उतरले. एकेक पायरी, दांडा धरून. तू सोबत आली नाहीस हे पाहून मला धक्काच बसला. त्यांनी सांगितलं, "ती येत होती. मी म्हटलं, धरायला तो आहे." ताई, हे तू त्यांच्या तोंडून ऐकलंसच, तरी पुन्हा लिहितो.

मालगाडीकडे पाहिलं. मग छत्रीकडे. "काडी मोडलीस."

बसवणं सोपं नव्हतं. पाय दांडीवरून जाईना. मी सायकल इतकी तिरकी केली की ती जवळजवळ झोपली. कंडक्टरने हँडल धरलं. आणि अख्खी बस खिडक्यांतून शिकवायला लागली.

"आधी डावा टाका, डावा."

"अहो, आखडलेला कुठला आहे ते तरी विचारा."

"उजवा. बघा की, उजवाच धरलाय त्यांनी."

"मग डावा टाकून कसं चालेल? उभे कशावर राहतील?"

भाऊजींनी वर्गाकडे बघावं तसं बसकडे पाहिलं. सगळे गप्प. त्या शांततेत बसले एकदाचे. ड्रायव्हर तोवर हलला नाही. काठी आणि छत्री दोन्ही दांडीला बांधल्या आणि निघालो.

ताई, तू त्यांना खायला काय घालतेस? रिकामा डबा ओढून मला वाटलं होतं मी तयार झालो. पहिल्या काही फेऱ्यांतच डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण गाडी हलली. पायाखाली आवाज नव्हता. मागे हे दगडासारखे बसलेले. साखळी त्यांचे पाय फिरवत होती आणि गुडघा वर यायच्या प्रत्येक वेळी श्वास अडकलेला मला ऐकू येत होता. "हळू," म्हणाले. मी हळू केलं. "थांबू का?" विचारलं. मी थांबलो नाही.

मग म्हणाले, "पुढे काय आहे?"

तेव्हा मला आठवलं की मी काहीच सांगत नव्हतो. एवढा दम लागलेला. सुरू केलं. खड्डा, उजवीकडे. डावीकडे समुद्र, आज जरा मळका. समोर एक होडी उलटी घातलीय, तिच्या सावलीत दोघं भांडतायत. मी असं बोलत होतो आणि पायडल हलकं लागायला लागलं. मला वाटलं उतार आहे. उतार नव्हता.

टक.

मी माझ्या पायाकडे बघितलं. शपथेवर सांगतो, मी दाबत होतो. दाबायला काही उरलंच नव्हतं.

टक.

"भाऊजी, जोर लावताय तुम्ही."

"रस्ता बघ."

"डबा व्हायचं ठरलं होतं."

"डॉक्टरांनी वाकवायला सांगितलंय, वाकवतोय. ते दोघं कशावरून भांडत होते ते सांग."

वाऱ्यामुळे मला त्यांचा एक शब्द ऐकू आला नव्हता. मी सांगितलं. होडी कोणाच्या आजोबांची यावरून सुरू करून, बायकोच्या माहेरापर्यंत नेलं. मागून हसू आलं. त्यांचं हसू हँडलला कळतं, हे मला कालच समजलं.

इथे पोचल्यावर रखवालदाराने सायकल फिरवून पाहिली. म्हणाला, "पायडल वाजतंय तुमचं. पाना आहे माझ्याकडे, आवळून देऊ का?"

पाना माझ्याकडेही आहे. मी म्हटलं, राहू दे. तो आवाज आमच्या भाऊजींच्या गुडघ्याचा आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. अगं, पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलंय, म्हणून लिहितो. दीपगृहापाशी शेवटी एक चढ आहे. माझ्या नकाशावर तो नव्हता. तिथे मागच्या पायडलवर माझा पाय थकला, मी नुसता ठेवला. चढ संपेपर्यंत कान देऊन ऐकत होतो. पुढून आवाज आला नाही. हे त्याला सांगू नकोस, नाहीतर परतीच्या वाटेवर टपरी लागते.

आणि अंगणातल्या फेऱ्यांबद्दल तू काय लिहीत होतीस ते त्याने मला दाखवलं. आल्यावर मारीन. पायाने.